सव्वासात ते आठ

"घोडके, तिकडं कोपऱ्यात कशाला बसताय? उजेडात या. अंधारात लिहाल आणि उद्या माझ्या तोंडी भलतंच काहीतरी घालाल," ओगले सर म्हणाले आणि सगळी खोली हसली.

मीही हसलो. काय करणार? साध्या कपड्यात आलो असलो तरी मी पोलिसांचा लघुलेखक आहे हे वाचनालयातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. सरांनी स्वतः एक टेबल ओढून दिव्याखाली आणलं, त्यावरची वर्तमानपत्रं उचलली आणि मला बसवलं. कमलाबाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, सगळ्यांबरोबर मलाही चहा दिला. बाई वाचनालयातच काम करायच्या. मी वही उघडली, तारीख घातली, पेन्सिलीचं टोक बघितलं.

हे शहात्तर सालातलं, दिवाळीच्या आधीचं. आणीबाणीला सव्वा वर्ष होऊन गेलेलं. आमचं जिल्ह्याचं गाव. नाव सांगत नाही, तिथं अजून माझी सासुरवाडी आहे. सभा बंद, मिरवणुका बंद, चौकात चार माणसं जमली की हवालदार काठी आपटायचा. वाचनालयाची शनिवारची बैठक तेवढी चालू राहिली होती, कारण ती पन्नास वर्षं चालू होती आणि तिला कुणी मनावर घेत नव्हतं. वीसेक माणसं यायची. निवृत्त मास्तर, दोन वकील, एक शिंपी, मागावर काम करणारी पाच-सहा पोरं. जो जे बोलेल ते रेघोट्यांत उतरवायचं, रविवारी घरी बसून नीट लिहून काढायचं आणि सोमवारी सकाळी धायगुडे साहेबांच्या टेबलावर ठेवायचं, एवढं माझं काम. मराठी लघुलेखनाचं मिनिटाला एकशेवीस शब्दांचं सर्टिफिकेट होतं माझ्याकडं. बाकी आयुष्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं.

या कामाचं एक पथ्य असतं. ऐकायचं नाही. आमच्या गुरुजींनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "निवृत्ती, कानातनं थेट हातात. मधे डोकं आणलंस की मेलास." ते खरं आहे. अर्थाकडं लक्ष गेलं की हात मागं पडतो. मी सात वर्षांत कुणाचंच भाषण ऐकलं नव्हतं. शेकड्यांनी लिहिली मात्र होती.

आता बैठकीचा नियम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कुणाचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी उभं राहून त्याचंच म्हणणं मांडायचं. तेही त्याच्यापेक्षा चांगलं. ज्याचं म्हणणं आहे तो "पोचलं" म्हणेपर्यंत मांडायचं, आणि तो तसं म्हणाला की मगच आपलं उत्तर द्यायचं. पाणी घातलेलं चालत नसे. एका वकिलाला एकदा तीन वेळा खाली बसवलं होतं, "हे त्याचं म्हणणं नव्हे, हे तुमच्या सोयीचं" म्हणून. हा नियम ओगले सर जिवापाड पाळत.

त्या दिवशी उभा राहिला दौलत कोळेकर. मागावरचा पोरगा, तेवीस-चोवीसचा. त्याच्या थोरल्या भावाला, बापूला, गुरुवारच्या बाजारातनं ट्रकमध्ये घालून नेलं होतं आणि शिबिरात नसबंदी केली होती. बापूचं लग्न व्हायचं होतं. कुणाचा तरी आकडा भरायचा होता, त्यात तो गेला.

दौलतला धड बोलता येईना. "कचेरी पेटवायची," एवढंच तो तीन-चार वेळा म्हणाला. "सर, तुम्ही अहिंसा-बिहिंसा सांगू नका मला. मी पेटवणार." आणि धपकन खाली बसला.

सर उठले. पासष्टी उलटलेली, काटकुळा माणूस, पण शाळेत चाळीस वर्षं शिकवलेलं, त्यामुळं आवाज खणखणीत. मी वेळ टाकली. सात वाजले होते.

"दौलतचं म्हणणं असं," सरांनी सुरुवात केली. "माझा भाऊ जिलबी घ्यायला बाजारात गेला होता. त्याला उचलला. तो ओरडत होता की माझं लग्न झालेलं नाही, तर एकजण हसून म्हणाला, मग तर सुटलास की! मी मामलेदाराकडं अर्ज घेऊन गेलो, अर्ज घेतला नाही. पेपरवाल्याकडं गेलो, तो म्हणाला छापता येत नाही. वकिलाकडं गेलो, तो म्हणाला सध्या कोर्टाचे हात बांधलेत. मग ज्या घराचं दार बंद आणि खिडकी बंद, त्यातल्या माणसानं भिंत फोडायची नाही तर काय करायचं? तुम्ही म्हणता शांत राहा. शांत राहायला नेहमी मार खाणाऱ्यालाच का सांगता? मारणाऱ्याला कधी सांगितलंत? ती कचेरी जाळा! तिथं माणूस नाही, कागद आहेत. ज्या कागदांवर आमची नावं नाहीत, नुसता आकडा आहे, ते कागद जळू द्या. एकदा जाळ दिसला की गावोगाव दिसेल. गप्प बसणाऱ्याला इतिहास विचारत नाही. उठा, काडी ओढा!"

हे मी थोडक्यात सांगतोय. पंधरा मिनिटं ते बोलत होते, आणि खोलीतली माणसं खुर्च्यांच्या कडेला आली होती. शिंप्याच्या मुठी वळलेल्या. माझी पेन्सिल पळत होती. दौलत ढसाढसा रडत होता. सर थांबले आणि त्याच्याकडं बघून हळूच म्हणाले, "पोचलं का रे?"

"पोचलं," दौलत म्हणाला.

"बरं. आता माझं." सर पेल्यातलं पाणी प्याले. सव्वासात झाले होते. "दौलत, मामलेदार कचेरीत रात्री कोण झोपतं?"

"कुणी नाही."

"झोपतो. पहारेकरी. साठीचा आहे, त्याला ऐकू कमी येतं. त्याचं नाव काय?"

दौलतनं नकारार्थी मान हलवली.

"तुला माहीत नाही. तुझ्या भावाचं नाव त्या ट्रकवाल्यांनाही माहीत नव्हतं. विचारलंच नाही त्यांनी, विचारलं असतं तर हात कचरला असता. तू काडी ओढशील तेव्हा तूही विचारणार नाहीस. मग बापूला ज्यांनी नेलं त्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहशील, आणि मला ते बघवणार नाही."

इथं माझी पेन्सिल थांबली.

का थांबली ते पुढं साहेबांनी विचारलं, बायकोनं विचारलं, मी स्वतःला विचारलं. थांबली खरी. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि ऐकत बसलो. सर सांगत होते की सरकारवाले आपली तोंडं बंद करतात, कारण आपल्याला द्यायला त्यांच्याकडं उत्तर नाही. तू आग लावलीस की त्यांना उत्तर सापडलं, मग ते म्हणतील, बघा, ही असली माणसं! सर सांगत होते की वाद घालणारा माणूस समोरच्याला माणूस धरून चालतो, तो सुधारेल असं धरून चालतो, आणि असं धरून चालायला मारण्यापेक्षा जास्त छाती लागते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सोमवारी अकराला बापूला घेऊन कचेरीच्या पायरीवर ये. मीही येतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला काय झालं ते सांगायचं, नावानिशी. ओरडायचं नाही. मारतील तर मार खायचा, उठायचं आणि परत तिथंच बसायचं. जमेल?"

दौलतनं बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाला, "बापू येईल का माहीत नाही. लाजतोय तो. पण मी येतो."

आठ वाजले होते. माणसं उठली, खुर्च्या सरकल्या, तेव्हा मी खाली बघितलं. वहीत सव्वासातपर्यंतचं भाषण होतं आणि पुढं कोरी पानं. पाऊण तास गेला होता. सात वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

जाता जाता सर माझ्यापाशी थांबले. एकदा वहीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. खांद्यावर थोपटून गेले.

रविवारी मी लिहून काढायला बसलो. पहिला भाग उतरवला. पुढचं डोक्यात जसंच्या तसं होतं, पण वहीत नव्हतं, आणि वहीत नसलेलं लिहायचं नाही हा नोकरीचा पहिला नियम. शेवटी मी एक ओळ टाकली: 'यानंतर वक्त्याने वरील मताचे खंडन केले.' आपल्या परीनं न्याय केला असं मला वाटलं. मूर्ख माणूस!

सोमवारी सकाळी धायगुडे साहेबांनी कागद वाचले आणि खुर्चीत ताठ झाले. "अरे वा! म्हातारा फारच पेटला की."

"साहेब, ती त्यांची पद्धत आहे. आधी दुसऱ्याचं म्हणणं सांगतात, मग ते खोडतात. खाली लिहिलंय मी."

"खंडन केलं, होय? दाखव वहीत."

"वहीत नाही साहेब."

"सात ते सव्वासात आहे. सव्वासात ते आठ काय करत होतास? पेन्सिल मोडली?"

"ऐकत होतो साहेब."

साहेब आधी माझ्याकडं बघत राहिले, मग इतके हसले की बाहेरचा हवालदार डोकावला. "घोडके ऐकत होता! सरकार तुला ऐकायचा पगार देतं काय रे?" मग हसणं थांबवून त्यांनी लाल पेन्सिल माझ्या हातात दिली. "वहीत नाही ते कागदावर कशाला? काट ती ओळ."

"साहेब, माणूस आत जाईल."

"कलेक्टर साहेब रोज विचारतात, तुमच्या जिल्ह्यात सगळं कसं आलबेल? मला एक माणूस दाखवायचाय. तू काटतोस, का मी तुझ्या कोऱ्या पानांची चौकशी लावू? दोन पोरी आहेत ना तुला?"

मी ओळ काटली. स्वतःच्या हातानं, पट्टी लावून, सरळ रेघ मारली.

अकरा वाजता सर कचेरीच्या पायरीवर बसले होते. शेजारी दौलत. आणि हो, बापू आला होता. मान खाली घालून, पण आला होता. साडेअकराला गाडी आली. बापूला हाकललं, दौलतला चौकीत नेऊन दोन दिवस बडवला आणि सोडून दिला, कारण कागदावर त्याचं भाषण नव्हतं. सरांना डीआयआरखाली, म्हणजे भारत संरक्षण नियमांखाली, आत टाकलं: सरकारी कचेरी जाळायला चिथावणी. जामीन मिळाला नाही.

खटला डिसेंबरात उभा राहिला. त्याआधी एकदा कमलाबाई आमच्या घरी आल्या. बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"घोडके, मी काही मागायला आलेली नाही. फक्त माहीत असावं म्हणून सांगते. ह्यांनी बचावाला एकही साक्षीदार दिलेला नाही. लोक तयार होते, शिंपी तर हटूनच बसला होता. हे म्हणाले, माझ्यापायी कुणाच्या चुलीत पाणी नको. म्हणजे त्या दिवशी खोलीत असलेल्यांपैकी कोर्टात उभे राहणार ते तुम्ही एकटे."

"वहिनी, मी सरकारी साक्षीदार आहे."

"ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पण कान तर तुमचेच आहेत ना?"

त्या गेल्यावर मंदा, माझी बायको, आतनं आली. ती रात्रंदिवस माझ्याबरोबर जागी होती, तिला सगळं माहीत होतं. "खरं बोललात तर काय होईल?" तिनं विचारलं.

"नोकरी जाईल. कदाचित मीही आत."

"आणि ते सुटतील?"

"कोर्ट सोडेल, आणि फाटकाबाहेर मिसाखाली खटल्याशिवायच परत धरतील. परवाच दोघांना तसं धरलं."

"मग कशाला?" मंदा म्हणाली. तिचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. आईला अंथरुणाला खिळून वर्ष झालं होतं, धाकटी पाळण्यात होती. पण तिनं "बोला" म्हणावं असं मला आत कुठंतरी वाटत होतं, आणि ती म्हणाली नाही म्हणून मी तिच्यावर दोन दिवस उगाच चिडलो.

कोर्टात मी पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेतली. सरकारी वकिलांनी कागद वाचून घेतला. 'उठा, काडी ओढा' माझ्या तोंडून फार मिळमिळीत वाजलं. सर समोर बसले होते. वाळले होते, दाढी वाढलेली, पण नीट कान देऊन ऐकत होते, एखाद्या मुलानं धडा वाचावा तसे.

"यानंतर आरोपी आणखी काही बोलला?" सरकारी वकिलांनी विचारलं.

ठरलेलं उत्तर 'वहीत नोंद नाही' असं होतं. धायगुडे साहेब भिंतीला टेकून माझ्याकडं बघत होते. माझ्या तोंडून निघालं, "नाही. भाषण तिथंच संपलं."

सरांनी वकील दिलेला नव्हता. न्यायाधीश म्हणाले, "आरोपीला उलटतपासणी घ्यायची असेल तर घ्या."

सर उठले. "साहेब, घोडक्यांचं म्हणणं असं आहे."

"प्रश्न विचारा, भाषण नको."

"दोनच मिनिटं, साहेब. मग बसतो." न्यायाधीश कंटाळलेले होते. त्यांनी हात हलवला.

"घोडक्यांचं म्हणणं असं," सर माझ्याकडं वळले, अगदी शनिवारी वळायचे तसे. "मी नोकरमाणूस. घरात म्हातारी आई, दोन लहान मुली. मी इथं आलो तो माझी वही घेऊन आलो. वहीत जे आहे तेच बोलायचं अशी माझ्या कामाची रीत आहे. आज मी वहीबाहेरचं बोललो तर उद्या दुसरा लघुलेखक वहीबाहेरचं काहीही बोलेल आणि निरपराध माणसं अडकतील. शिवाय मी बोललो तरी हा म्हातारा सुटेल असं थोडंच आहे? त्याला फाटकाबाहेर परत धरतील, आणि मग एकाच्या जागी दोन घरं उठतील. त्यापेक्षा एक गेलेलं बरं. यात माझं वाईट काय आहे?" ते थांबले. "हेच ना, घोडके? काही राहिलं का?"

काही राहिलं नव्हतं. उलट माझ्या बाजूनं मला सुचलं नव्हतं तेही त्यांनी घातलं होतं. मी उघड खोटं बोललो होतो. त्यांनी ते धुऊन, पुसून, 'वहीची रीत' असं सभ्य करून माझ्या हातात दिलं होतं.

"पोचलं," मी म्हणालो. न्यायाधीशांनी चमकून वर बघितलं; त्यांना काही कळलं नसणार.

"आता प्रश्न?" ते म्हणाले.

"प्रश्न नाही," सर म्हणाले. "माझं उत्तर त्यांनी त्याच दिवशी ऐकलंय." आणि खाली बसले.

मला अजून एक क्षण होता. "साहेब, मला काही सांगायचंय," एवढं म्हणायचं होतं. धायगुडे साहेबांनी खोकल्यासारखं केलं. मी पिंजऱ्यातनं उतरलो. सरांना सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. निवडणुका जाहीर झाल्या, फेब्रुवारीत माणसं सुटायला लागली. सरही सुटले. छाती भरलेली होती, बोललं की धाप लागायची. वाचनालयात ते परत आलेच नाहीत. मे महिन्यात वारले. मी भेटायला गेलो नव्हतो. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो, एवढंच सांगतो.

सरकार बदललं होतं. काल दाराआड बसणारी माणसं आता हार घालून फिरत होती. सरांच्या नावानं एक समिती झाली. ऑगस्टात स्मरणिका काढायची ठरली आणि पत्रकात मी वाचलं: 'सरांचं अखेरचं जळजळीत भाषण, कोर्टाच्या दप्तरातून प्रथमच!'

मी ती ओळ चार वेळा वाचली. मग वही घेतली आणि बसलो. सव्वासात ते आठ. एका बैठकीत अकरा पानं लिहिली, कुठं अडलो नाही, खोडलं नाही. ती घेऊन दौलतकडं गेलो. तो समितीचा चिटणीस होता आता, पण काम अजून मागावरच. माग बंद करून तो बाहेर आला, ओट्यावर बसला आणि वाचायला लागला. चौथ्या पानावर त्यानं डोळे पुसले.

"हेच," तो म्हणाला. "अस्संच बोलले होते. वर्षभर आठवायला बघतोय मी. ते बोलले आणि मी बदललो, एवढं माहीत होतं, पण काय बोलले ते एक वाक्य धड येत नव्हतं. पहारेकऱ्याचं नाव विचारलं होतं तेवढं आठवतं."

"मग हे छाप. ते दुसरं छापू नकोस. ते सरांचं नाहीच, ते तुझं आहे."

"मला माहीत आहे, साहेब. पण समितीत नऊ जण आहेत. आठांना तेच पाहिजे. लोकांना असे सर पाहिजेत, काडी ओढा म्हणणारे. मी म्हटलं, सरांनी पुढं उत्तर दिलं होतं. ते म्हणाले, दाखव. कोर्टाचा शिक्का असलेला कागद आहे आमच्याकडं, तुझ्याकडं काय आहे?"

"आता हे आहे ना."

दौलतनं पानं नीट जुळवली आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढं धरलं. "सही करा. आणि वर दोन ओळी लिहा, की मी कोर्टात शपथेवर खोटी साक्ष दिली, भाषण तिथं संपलं नव्हतं. मग मी आठांशी भांडतो. आठच्या आठ गप्प होतील."

"दौलत, अरे, नोकरी जाईल. खोट्या साक्षीला शिक्षा असते."

"असते."

"सरकार बदललं तरी खातं तेच आहे. धायगुडे साहेब बढतीवर गेलेत."

"हो, वाचलं."

तो चिडून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो चिडला नाही. पेन तसंच धरून बसला होता. "निनावी कागद घेऊन गेलो तर ते मलाच विचारतील," तो म्हणाला, "की कोर्टात बोलला तो घोडके खरा, का हा खरा? मी काय सांगू?"

मी म्हणालो, विचार करून सांगतो. त्यानं पानं मला परत दिली. मी आठवडाभर विचार केला. मंदाला काही सांगितलं नाही, कारण या वेळी ती "करा सही" म्हणेल अशी मला भीती वाटत होती. दौलत पुन्हा आला नाही, मीही गेलो नाही. स्मरणिका छापून झाली.

प्रकाशनाचा समारंभ नगरपालिकेच्या सभागृहात झाला. खुर्च्या कमी पडल्या. खात्यानं नेहमीप्रमाणं लघुलेखक पाठवला होता, आणि लघुलेखक जिल्ह्यात एकच होता. पुढाऱ्यांची भाषणं झाली. मग कॉलेजची एक मुलगी उठली, पांढऱ्या साडीतली, आणि सरांचं अखेरचं भाषण वाचायला लागली. छान वाचत होती पोरगी. 'शांत राहायला नेहमी मार खाणाऱ्यालाच का सांगता?' पोरं खुर्च्यांवर चढली. 'उठा, काडी ओढा!' मी तीच वाक्यं, तोच वेग, दुसऱ्यांदा वहीत घेत होतो. दौलत व्यासपीठाच्या टोकाला मान खाली घालून बसला होता.

मुलगी वाचून खाली बसली आणि सभागृह दणाणलं. शिट्ट्या, घोषणा, पाच मिनिटं थांबेना. पहिल्या रांगेत कमलाबाई बसल्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. हात मांडीवर, नजर त्या मुलीकडं. गलबला संपून मुलगी पुन्हा उठेल आणि पुढचं वाचेल, अशा त्या थांबल्या होत्या.

मी घड्याळ बघितलं, वेळ टाकली आणि कंसात लिहिलं, टाळ्या.